कोअर, सॉकेट आणि सत्तावीस अश्वशक्ती

डेटाबेसची सुरक्षा-तपासणी करणारे सॉफ्टवेअर दोन कामे करते. पहिले काम म्हणजे डेटाबेसमध्ये कोणते दार उघडे राहिले आहे, कोणाला गरजेपेक्षा जास्त अधिकार दिले आहेत, कोणती दुरुस्ती बसवायची राहून गेली आहे, हे शोधणे. दुसरे काम माहितीपत्रकात लिहिलेले नसते. ते म्हणजे खरेदीदाराला स्वतःच्या घरात काय काय आहे ते मोजायला लावणे. पहिले काम एका रात्रीत उरकते. दुसऱ्यासाठी समिती नेमावी लागते, समितीला उपसमिती लागते, आणि उपसमितीचा अहवाल येईपर्यंत मोजलेले सर्व्हर बदललेले असतात.

या मोजणीच्या एका बाजूला 'हक्क' असतो, म्हणजे किती परवाने विकत घेतले. दुसऱ्या बाजूला 'वापर' असतो, म्हणजे प्रत्यक्षात किती लागले. हक्क जास्त असेल तर पैसे वाया गेले, असे खरेदीदाराचा लेखापरीक्षक म्हणतो. वापर जास्त असेल तर करारभंग झाला, असे विक्रेत्याचा लेखापरीक्षक म्हणतो. दोन्ही आकडे अगदी सारखे निघाले, तर मोजणीत चूक झाली यावर दोघांचेही एकमत होते.

हे शास्त्र शिकण्यासाठी कॅलिफोर्नियाला जाण्याची गरज नाही. नाशिक जिल्ह्यातले मालेगाव पुरेसे आहे. मौसम आणि गिरणा या नद्यांच्या काठी वसलेल्या या शहरात यंत्रमाग किती आहेत, असे विचारले की दोन लाख, अडीच लाख, तीन लाख अशी उत्तरे मिळतात. कोण कशासाठी विचारतो यावर उत्तर ठरते. अनुदानाचा अर्ज भरायचा असेल तर संख्या वाढते. कराची नोटीस आली असेल तर त्याच मागांतले बरेचसे 'बंद आहेत, साहेब' या सदरात जातात. यात खोटेपणा आहे असे समजणे घाईचे होईल. माग तेवढेच असतात, मोजणारे वेगळे असतात.

मोजणारे पुष्कळ. वस्त्रोद्योग नियंत्रणाच्या काळात परवाना मागावर मिळे, म्हणून माग मोजले जात. अबकारी खात्याने एकेकाळी चार मागांपर्यंतच्या कारखानदाराला सवलत दिली होती, म्हणून तिथे प्रश्न 'चार की पाच' एवढाच असे. कारखाने अधिनियम १९४८ माग मोजत नसे, माणसे मोजत असे: मूळ तरतुदीप्रमाणे वीज वापरणाऱ्या ठिकाणी दहा कामगार झाले की तो लागू होई. महानगरपालिका २००१ मध्ये झाली, ती बांधकामाचे क्षेत्रफळ मोजते. वीज सवलत अश्वशक्तीवर मिळते आणि तिथली लक्ष्मणरेषा सत्तावीस अश्वशक्तीची आहे. २०२४ मध्ये राज्य सरकारने जाहीर केलेली जादा सवलत या रेषेच्या खाली युनिटमागे एक रुपया आणि वर पंचाहत्तर पैसे अशी होती. वीजदराचा आदेश मात्र किलोवॅटमध्ये बोलतो आणि वीस किलोवॅटवर रेषा ओढतो. सत्तावीस अश्वशक्ती म्हणजे २०.१४ किलोवॅट. मधल्या त्या दशांश चौदाचे काय करायचे, हा प्रश्न गणिताचा आहे असे वाटणाऱ्याने वीज कार्यालयाची पायरी कधी चढलेली नाही.

मोजण्याचे एकक बदलले की मोजली जाणारी वस्तू आपला आकार बदलते, हे मालेगावने, भिवंडीने आणि इचलकरंजीने अनुभवाने सिद्ध केले आहे. चार मागांना सवलत मिळताच बापाचे चार, थोरल्याचे चार, धाकट्याचे चार आणि पाळण्यातल्या नातवाचे चार अशी वाटणी झाली. छप्पर एकच, जॉबर एकच, खडखडाटही एकच. कागदावर चार कारखाने. पुढे अश्वशक्तीवर सवलत आली आणि त्याच छपराखाली दोन मीटर लागले. तेव्हा एखाद्या शेडमध्ये चोवीस माग, चोवीस अश्वशक्ती, दोन मीटर, चार मालक, नऊ कामगार आणि एक कुटुंब असू शकते. यांपैकी प्रत्येक आकडा खरा असतो आणि एकही आकडा दुसऱ्याच्या उपयोगाचा नसतो.

डेटाबेसच्या परवान्यांची गोष्ट इथूनच सुरू होते. मालेगावातल्या बहुतेक व्यापाऱ्यांना परवान्याची पहिली ओळख टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरने करून दिली. तिथे हिशेब सोपा आहे: एका माणसाने वापरायचे असेल तर सिल्व्हर, अनेकांनी वापरायचे असेल तर गोल्ड. शेठला एवढे कळते आणि तेवढ्यावर त्याचा धंदा चालतो. मोठ्या डेटाबेस कंपन्यांना इतका सोपेपणा परवडत नाही. त्यांनी आधी वापरणारी माणसे मोजली. मग इंटरनेट आले, माणसे मोजता येईनात, म्हणून प्रोसेसर मोजले. मग एकाच प्रोसेसरमध्ये दोन, चार, आठ कोअर बसू लागले, तेव्हा कोअर मोजले. मग सगळे कोअर सारख्या ताकदीचे नसतात हे लक्षात आले आणि कोअरला गुणक लावले. सॉकेट, म्हणजे प्रोसेसर ज्या खोबणीत बसतो ती खोबण, काही स्वस्त आवृत्त्यांसाठी मोजायची ठेवली. डेटाबेसमधली माहिती किती मोलाची आहे, हे मात्र अजून कोणी मोजलेले नाही.

उदाहरणासाठी मालेगावातली एक काल्पनिक नागरी सहकारी बँक घ्यावी. तिला तपासणी टाळता येत नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून चोरांनी संगणकाच्या वाटेने सुमारे ९४ कोटी रुपये नेले. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट घालून दिली आणि ३१ डिसेंबर २०१९ च्या परिपत्रकाने बँकांचे चार स्तर पाडले. ज्या बँकेच्या संगणकसेवा जास्त, तिची पायरी वरची आणि तिच्यावरचा बोजाही मोठा. संचालक मंडळाच्या सभेत 'आपण कोणत्या स्तरात?' या प्रश्नावर काही संचालकांनी अभिमानाने 'चौथ्या' असे सुचवले असेल, तर सचिवाने त्यांना बाजूला घेऊन समजावले असेलच.

या बँकेच्या थंडगार खोलीत एक कपाट आहे. कपाटात दोन सर्व्हर आहेत. प्रत्येकात दोन सॉकेट, प्रत्येक सॉकेटवर आठ कोअरचा इंटेल प्रोसेसर. एका सर्व्हरवर खरे काम चालते, दुसरा राखीव आहे. पहिल्यावर तीन डेटाबेस आहेत: एक खातेदारांचा, एक चाचणीचा आणि एक नव्या कारकुनांना शिकवण्याचा, ज्यात सगळ्या खातेदारांची नावे 'अबक' अशी आहेत.

आता पहिल्या सर्व्हरपुरती मोजणी करू. ओरॅकल या मोठ्या डेटाबेस कंपनीच्या एंटरप्राइझ आवृत्तीत सोळा कोअरना इंटेलचा ०.५ हा गुणक लागतो आणि आठ परवाने निघतात. यादीतली किंमत परवान्यामागे ४७,५०० डॉलर, म्हणजे तीन लाख ऐंशी हजार डॉलर, आणि त्यावर दरवर्षी बावीस टक्के आधारसेवेचे. (यादीतली किंमत कोणी देत नाही. मालेगावच्या कापडबाजारातही पहिला भाव कोणी देत नाही. पण तिथे निदान चहा येतो.) तेच यंत्र आयबीएमच्या प्रोसेसर-मूल्य एककांत मोजले, तर अशा दोन सॉकेटच्या यंत्राला कोअरमागे सत्तर, म्हणजे एकूण ११२० एकके होतात. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरला सोळा कोअर लागतात, आणि ते जोडीनेच विकले जात असल्यामुळे आठ जोड्या. सॉकेटने मोजले तर दोन. डेटाबेसच्या संख्येने मोजले तर तीन. नेटवर्कच्या पत्त्यांवरून मोजले तर एक, किंवा देखभालीचा आणि बॅकअपचा पत्ता धरल्यास तीन. आठ, अकराशे वीस, सोळा, दोन, तीन, एक. कपाट जागचे हललेले नाही.

माणसांवर मोजण्याचा पर्यायही ओरॅकलने ठेवला आहे, आणि लहान बँकेला तो आकर्षक वाटतो. चाळीस कर्मचारी, चाळीस परवाने, प्रश्न मिटला. पण एंटरप्राइझ आवृत्तीत प्रत्येक प्रोसेसर-परवान्यामागे किमान पंचवीस माणसे धरावी लागतात. आठ गुणिले पंचवीस म्हणजे दोनशे. उरलेली एकशे साठ माणसे कुठून आणायची, हा प्रश्न बँकेचा. शिवाय जी यंत्रे माणसाच्या हाताशिवाय डेटाबेसमध्ये माहिती पाठवतात, तीही माणसांत मोजतात. मध्ये दुसरे सॉफ्टवेअर घालून सगळ्यांची ये-जा एकाच नावाने दाखवली, तरी मोजणी दाराशी उभ्या असलेल्या गर्दीची होते. त्यामुळे मोबाइलवर शिल्लक पाहणारा दाभाडीचा खातेदारसुद्धा डेटाबेसचा वापरकर्ता ठरतो. मागाला कधी हात न लावणाऱ्या, कोपऱ्यात कांड्या भरणाऱ्या बाईलाही विणकर धरायचे, असाच हा न्याय आहे. फरक इतकाच, की या न्यायाने तिला विणकराची मजुरी मिळत नाही.

सुरक्षा-तपासणीचे सॉफ्टवेअर या सगळ्याच्या डोक्यावर बसते. त्यातला बारकावा असा, की ते स्वतः एका साध्या संगणकावर चालत असले तरी त्याचे परवाने बऱ्याचदा ज्याची तपासणी करायची त्या यंत्रावरून ठरतात. ओरॅकलचे ऑडिट व्हॉल्ट आणि डेटाबेस फायरवॉल घेताना ज्या डेटाबेसवर नजर ठेवायची, त्याच्या सर्व्हरचे प्रोसेसर मोजावे लागतात. म्हणजे बँकेने उद्या कर्जाचा अहवाल लवकर निघावा म्हणून मोठा प्रोसेसर घेतला, तर पाळत ठेवण्याचा खर्चही वाढतो, पाळत तेवढीच राहिली तरी. इतर कंपन्या 'मालमत्ता' मोजतात. टेनेबलच्या क्लाउड सेवेत एकदा तपासलेले यंत्र साधारण नव्वद दिवस परवाना अडवून ठेवते. त्याचा मदरबोर्ड भंगारात विकला गेला, तरी कागदोपत्री ते तीन महिने सुरक्षित असते.

यावर खरेदीदारांनी काय केले, हे मालेगावकराला सांगायला नको. कोअरवर पैसे लागतात म्हटल्यावर कमी कोअरचे पण वेगवान प्रोसेसर शोधले जाऊ लागले. प्रोसेसर बनवणाऱ्यांनाही गिऱ्हाईक कळले. एकाच प्रोसेसरमध्ये चौसष्ट कोअर बसवण्याची करामत साधलेल्या एएमडीने २०२१ मध्ये ७२एफ३ हा फक्त आठ कोअरचा प्रोसेसर काढला. यंत्रशास्त्राने जे कमावले ते परवान्याच्या तक्त्यापुढे परत केले. कोणी एक मोठा सर्व्हर आभासी यंत्रांत वाटला: बापाचे चार, थोरल्याचे चार. पण इथे अबकारी खात्यापेक्षा कडक माणसे बसली होती. मायक्रोसॉफ्टने आभासी यंत्राला किमान चार कोअर लावले, मग आत एकच असो. ओरॅकलने व्हीएमवेअर या सॉफ्टवेअरने घातलेल्या आभासी भिंतीला भिंतच मानले नाही. तिच्या मते ती खडूची रेघ. अशा शेडमधले जेवढे माग डेटाबेससाठी चालू शकतील तेवढे सगळे मोजायचे, मग प्रत्यक्षात दोनच का चालेनात.

मार्स या चॉकलेट कंपनीने २०१५ मध्ये याच वादावरून सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायालयात धाव घेतली. लेखापरीक्षणासाठी आपण ओरॅकलला दोन लाख तेहतीस हजार एकोणनव्वद पाने दिली, असे तिचे म्हणणे होते. काही महिन्यांत प्रकरण मिटले, त्यामुळे भिंत की रेघ याचा निवाडा झालाच नाही. ओरॅकलचे या विषयावरचे पत्रक मात्र वाचण्यासारखे आहे. त्यात कोणते विभाजन चालते आणि कोणते नाही याची यादी आहे, आणि हे पत्रक केवळ शैक्षणिक हेतूने आहे, ते कराराचा भाग नाही, असेही त्यातच म्हटले आहे. शिक्षणावर एवढा खर्च अन्य कुठल्याही अभ्यासक्रमात होत नसेल.

राहिला राखीव सर्व्हर. मालेगावात वीज जाण्याचा इतिहास मोठा आहे. मार्च २०२० पासून शहराचे वीजवितरण महावितरणकडून कोलकात्याच्या सीईएससीच्या कंपनीकडे गेले, तरी बॅटऱ्यांची दुकाने शहरात आहेतच. म्हणून राखीव सर्व्हर हवा. दोन्ही सर्व्हर एकाच साठवणीला जोडलेले असतील, तर ओरॅकल राखीव यंत्र वर्षातून दहा वेगवेगळे दिवस परवान्याशिवाय चालवू देते. दिवस कसा मोजायचा याचे उदाहरणही दिले आहे: मुख्य यंत्र मंगळवारी दोन तास आणि शुक्रवारी तीन तास बंद पडले, तर ते पाच तास नव्हेत, दोन दिवस. मालेगावात शुक्रवारी मागांना सुट्टी असते. तो शुक्रवार सर्व्हरनेही पाळला असता तर या उदाहरणातला एक दिवस वाचला असता. डेटाबेसची वेगळी प्रत दुसऱ्या यंत्रावर सतत ताजी ठेवली असेल, तर ही सवलतसुद्धा नाही. पूर्ण परवाने घ्यावे लागतात. म्हणजे जो जास्त काळजी घेतो त्याला जास्त पैसे पडतात. विमा कंपन्या नेमके उलट का करतात, हे त्यांनी तपासून घ्यावे.

खरेदीदाराला वाटते की आपण काय वापरतो ते आपल्यालाच ठाऊक. हा गैरसमज डेटाबेस स्वतःच दूर करतो. ओरॅकलमध्ये कोणते वैशिष्ट्य केव्हा वापरले गेले याची एक नोंदवही असते आणि ती मालकाला न विचारता लिहिली जाते. कार्यक्षमता तपासणारे काही जादा पैशांचे संच एंटरप्राइझ आवृत्तीत सुरू अवस्थेतच येतात. नवा प्रशासक कुतूहलाने एक अहवाल काढून पाहतो, 'छान आहे' म्हणतो, बंद करतो. नोंद राहते. पुढे ४५ दिवसांची लेखी सूचना देऊन विक्रेत्याचे लेखापरीक्षक येतात आणि चहा घेण्याआधी ती वही उघडतात. सूचना देतात एवढा मात्र त्यांचा मोठेपणा म्हटला पाहिजे. वीजचोरी पकडणारे भरारी पथक पंचेचाळीस मिनिटेसुद्धा देत नाही. आयबीएमची पद्धत जास्त घरगुती आहे: ग्राहकाने मोजणीचे साधन स्वतःच नव्वद दिवसांत बसवायचे, तिमाहीला स्वतःविरुद्ध अहवाल काढायचा आणि दोन वर्षे जपून ठेवायचा. विसरलात तर सवलतीची मोजणी रद्द, पूर्ण यंत्राचे पैसे.

एवढी मोजदाद करूनही मूळ अडचण शिल्लक राहते. तपासणीसाठी किती परवाने हवेत हे ठरवायला डेटाबेस किती आहेत हे कळले पाहिजे. ते कळायला सगळे नेटवर्क तपासले पाहिजे. आणि नेटवर्क तपासायला परवाना पाहिजे. हा पेच कागदी नाही, हे २५ जानेवारी २००३ रोजी सिद्ध झाले. 'स्लॅमर' नावाचा अवघ्या ३७६ बाइटचा किडा त्या दिवशी एसक्यूएल सर्व्हरमधून पसरला आणि दहा मिनिटांत असुरक्षित यंत्रांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक त्याने गाठली; एकूण बाधित यंत्रे किमान पंचाहत्तर हजार. दुरुस्ती सहा महिने आधी, जुलै २००२ मध्येच उपलब्ध होती. ती कित्येकांनी बसवली नाही, कारण आपल्याकडे डेटाबेस आहे हेच त्यांना माहीत नव्हते. दुसऱ्याच कुठल्या तरी सॉफ्टवेअरच्या पोटात मायक्रोसॉफ्टचा छोटा डेटाबेस गुपचूप बसवलेला होता. त्याला वेगळा परवाना लागत नव्हता, म्हणून तो कुठल्याच यादीत नव्हता. किड्याने मात्र यादी मागितली नाही. त्या सकाळी जगातली सर्वांत अचूक डेटाबेस-गणना त्याच्याकडे होती, आणि तीही कोअर-गुणक न लावता.

शेवटी परवाने येतात, तपासणी चालते आणि अहवाल निघतो. त्यात काय सापडते हे बऱ्याच अंशी आधीच सांगता येते: न बसवलेल्या दुरुस्त्या, नोकरी सोडून गेलेल्यांची जिवंत खाती, शिकवणीच्या डेटाबेसवर सगळ्यांना सगळे अधिकार, आणि कारखान्यातून आले तसेच राहिलेले पासवर्ड. ओरॅकलच्या जुन्या आवृत्त्यांत नमुन्यादाखल 'स्कॉट' नावाचे खाते असे आणि त्याचा पासवर्ड 'टायगर'. स्कॉट हे कंपनीच्या सुरुवातीच्या काळातले अभियंते ब्रूस स्कॉट, आणि टायगर हे त्यांच्या घरातले मांजर. कित्येक वर्षे जगातल्या मोठमोठ्या डेटाबेसमध्ये शिरायला त्या मांजराचे नाव पुरेसे होते. हे पासवर्ड बदलायला कोणताही परवाना लागत नाही.

ज्यांची आधारसेवा चालू आहे त्यांना ओरॅकलचे 'डीबीसॅट' हे तपासणीचे साधन जादा पैसे न देता मिळते. मालेगावच्या त्या काल्पनिक बँकेने तिथून सुरुवात करायला हरकत नाही. विकतचे साधन घ्यायचेच असेल, तर भाव विचारण्याआधी एकक विचारावे: कोअर, सॉकेट, पत्ता, डेटाबेस की माणूस. राखीव आणि आभासी यंत्रे कशी मोजणार हेही लेखी घ्यावे. त्या एककाची व्याख्या, त्या दिवशी छापील असेल तशी, तारीख आणि सहीसह खरेदी आदेशाला जोडावी, आणि एक प्रत वीज बिलांच्या फायलीत ठेवावी. मालेगावात ती फाईल सहसा कोणी हरवू देत नाही.